ठोकळे जोडता जोडता अंतराळात: मुलांसोबत लेगो आणि विज्ञानकथा सुरू करणाऱ्या पालकांसाठी

मूल चार-पाच वर्षांचं झालं की घरात ठोकळे येतात. कुणीतरी वाढदिवसाला देतं, कुणी परदेशातून येताना आणतं. डब्यावरच्या चित्रातलं यान पहिल्याच संध्याकाळी तयार होतं, काही दिवस शोकेसमध्ये मिरवतं आणि मग त्याचे तुकडे पलंगाखाली सापडू लागतात. विज्ञानकथेच्या पुस्तकाचंही तसंच. हौसेने घेतलेलं पुस्तक पहिल्या काही पानांवर थांबतं, कारण त्यातलं जग मुलाला परकं वाटतं.

ही दोन खेळणी-पुस्तकं एकत्र आणली की दोन्ही टिकतात, असा आमच्या घरचा अनुभव आहे. प्रश्न गोष्टीने विचारायचा आणि उत्तर ठोकळ्यांनी द्यायचं. चंद्रावर राहणाऱ्या माणसांना हवा कुठून मिळणार, हे नुसतं वाचलं तर मूल विसरून जातं. पण स्वतः बांधलेल्या चंद्रतळाला दार बसवताना ‘हे उघडलं की आतली हवा जाईल ना गं?’ असं तेच विचारतं, आणि एकामागे एक अशी दोन दारं लावून मोकळं होतं. एअरलॉक हा शब्द तोवर त्याने ऐकलेलाही नसतो.

आमचा थोरला आता सातवीत आहे, धाकटी तिसरीत. दोघांचं वय, आवड आणि चिकाटी वेगवेगळी, त्यामुळे एकच पद्धत दोघांना लागू पडली नाही. खालच्या पायऱ्या त्यातूनच ठरत गेल्या आहेत. तुम्ही अगदी नव्याने सुरुवात करत असाल तर त्या याच क्रमाने घ्या. घरात ठोकळे आधीच असतील तर चौथ्या पायरीपासून वाचलंत तरी चालेल.

1. आधी हे सामान जमवा

खर्चिक असं यात फारसं काही नाही. बरंचसं घरातच सापडेल.

- साधे, सगळ्या रंगांचे मूलभूत ठोकळे. चित्रपटातल्या एखाद्या यानाचा मोठा संच पहिल्याच खेपेला नको.
- एक-दोन बेसप्लेट, म्हणजे ठोकळे बसवायचा सपाट पाया. 32 बाय 32 स्टडची (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) प्लेट साधारण साडेपंचवीस सेंटिमीटरची असते, म्हणजे अभ्यासाच्या टेबलावर आरामात मावते.
- ठोकळे वेगळे करायचं छोटं साधन, ब्रिक सेपरेटर. अनेक संचांत ते मिळतंच. ते नसलं की मुलं दात लावतात, आणि दात ठोकळ्यापेक्षा लवकर तुटतो.
- जुनी जाड चादर किंवा सतरंजी. ठोकळे तिच्यावरच ओतायचे, म्हणजे आवरताना चारी कोपरे उचलले की काम झालं.
- झाकणाचे पारदर्शक डबे. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू-बोल्टसाठी मिळणारा कप्प्यांचा डबा बारीक तुकड्यांना उत्तम.
- पट्टी, पेन्सिल, चौकटींची वही.
- गोष्टीची दोन-तीन पुस्तकं. विकतच घ्यायला हवीत असं नाही, वाचनालयातली चालतील.

2. खरेदी करताना काय बघायचं

लेगो भारतात महाग आहे आणि त्याला कारणं आहेत. खेळण्यांवरचा आयात कर 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाला आणि 2023 मध्ये 70 टक्के. त्यामुळे किमतीची तुलना करताना डब्याचा आकार बघू नका, तुकड्यांची संख्या बघा. एकूण किंमत भागिले तुकडे, एवढा हिशोब पुरतो. मोठ्या डब्यात कधी कधी थोडे पण मोठे तुकडे असतात, आणि त्यातून वेगळं काही बांधायला वाव कमी.

1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं बंधनकारक आहे. देशी ब्रँडचे ठोकळे जरूर घ्या, पण हे चिन्ह बघून घ्या. रस्त्यावर किंवा जत्रेत मिळणाऱ्या बिननावाच्या पाकिटांवर ते नसतं. त्या प्लास्टिकमध्ये आणि रंगात काय आहे ते आपल्याला कळायला मार्ग नसतो.

देशी ठोकळे लेगोला जुळतील का, हे दुकानातच तपासता येतं. घरचा एक मूळ ठोकळा खिशात घेऊन जा. पाच-सहा ठोकळ्यांचा मनोरा करा, वरचा ठोकळा धरून हलवा. मनोरा तुटला तर पकड सैल आहे. तो वेगळा करताना नखं दुखली तर पकड जास्त घट्ट आहे. लहान मुलासाठी दुसरा दोष अधिक वाईट, कारण ते दर वेळी तुमच्याकडे धावत येणार आणि खेळ मोडणार.

जुने ठोकळे घ्यायला अजिबात संकोच करू नका. आजच्या लेगो ठोकळ्याचं पेटंट डेन्मार्कमध्ये 28 जानेवारी 1958 ला दाखल झालं, आणि त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या कॉलेजात गेलेल्या मुलाचा डबा विकायला निघाला, तर तो नव्याइतकाच उपयोगी आहे. पुस्तिका हरवली असली तरी बिघडत नाही. बहुतेक संचांच्या पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, फक्त संचाचा क्रमांक हवा. तो विकणाऱ्याकडून आठवणीने लिहून घ्या.

परदेशातून कुणी येत असेल तर त्यांना सांगा की खोका तिथेच टाकून आतल्या पिशव्या आणि पुस्तिका तेवढ्या आणा. बॅगेतली अर्धी जागा वाचते.

3. घरात लहान बाळ असेल तर

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नेहमीचे ठोकळे द्यायचे नाहीत. यात सूट नाही. त्यांच्यासाठी ड्युप्लो असतात. हे ठोकळे लांबी, रुंदी, उंची तिन्ही बाजूंनी दुप्पट असतात आणि दीड वर्षापासून चालतात. लहान ठोकळे ड्युप्लोवर बसतात, त्यामुळे बाळ मोठं झाल्यावर ते फुकट जात नाहीत. आमच्या चंद्रतळाचा सगळा पाया ड्युप्लोचाच आहे.

मोठ्या मुलाचं बांधकाम जेवणाच्या टेबलावर, बाळ जमिनीवर, अशी विभागणी करा. चादर उचलल्यावर फरशीवरून एकदा हात फिरवा. मिनिफिगरचे (लेगोच्या छोट्या माणसांचे) केस, चाकांचे टायर आणि पारदर्शक गोल तुकडे नजरेला पटकन दिसत नाहीत.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाहीत. यानाला दिवे लावायचे स्वस्त संच मिळतात, त्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. असा सेल मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर तो संच घरात आणू नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालयात जा.

4. ठोकळे रंगाप्रमाणे लावू नका

बहुतेक घरी पहिली चूक इथे होते. लाल डबा, निळा डबा, पिवळा डबा दिसतो सुंदर. पण लाल ढिगाऱ्यातून बोटभर लाल तुकडा शोधणं मोठ्या माणसालाही जमत नाही. आकाराप्रमाणे लावलेत तर रंग डोळ्यांना आपोआप सापडतो. सुरुवातीला पाच गट पुरतात: जाड ठोकळे, पातळ प्लेटा, चाकं आणि फिरणारे भाग, माणसं आणि त्यांचं सामान, आणि ‘इतर’. ‘इतर’चा डबा सगळ्यात जास्त उघडला जाईल, तो मोठा घ्या.

धुण्याबद्दल थोडक्यात. कोमट पाणी, 40 अंशांच्या आतलं, आणि थोडा साबण. वॉशिंग मशीन नाही, उकळतं पाणी नाही, कडक ऊन नाही. हे प्लास्टिक उष्णतेने वाकतं आणि उन्हात पांढरे-राखाडी तुकडे पिवळे पडतात. पंख्याखाली कापडावर पसरून ठेवा. पावसाळ्यात ठोकळ्यांना काही होत नाही, पण पुस्तिकांना कसर लागते आणि स्टिकर सुटतात. पुस्तिका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या बऱ्या.

5. पुस्तिकेप्रमाणे एकदा बांधा, मग मोडा

काही पालकांना पुस्तिका म्हणजे सर्जनशीलतेची शत्रू वाटते. मला तसं वाटत नाही. तीन पातळ प्लेटांची उंची एका ठोकळ्याएवढी होते, ठोकळा आडवा लावायचा असेल तर बाजूला स्टड असलेला खास तुकडा लागतो, भिंतीचे सांधे एकावर एक आले की भिंत फाटते, हे सगळं पुस्तिका हाताला शिकवते. गवंडी विटांचे सांधे चुकवत जातो तेच हे तंत्र. म्हणून पहिलं बांधकाम पुस्तिकेप्रमाणेच होऊ द्या, आणि त्यात तुम्ही मदतनीस व्हा. तुकडे शोधून देणं हे तुमचं काम, जोडणं मुलाचं. हे उलटं झालं की मूल उठून जातं.

मग ते मोडायचं. इथे मुलांना खरंच वाईट वाटतं आणि त्या वाटण्याचा मान ठेवायला हवा. मोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, आणि तो मुलानेच काढावा. ‘पुन्हा करता येईल’ याची खात्री पटली की मोडणं सोपं जातं. मोठा, महागाचा संच मूल मोडायला तयार नसेल तर हट्ट धरू नका, तो शोकेसमध्ये राहू दे. मूलभूत ठोकळ्यांचा ढीग वेगळा असावा असं मी पहिल्या पायरीत सांगितलं ते यासाठीच.

सुट्टीच्या दिवशी हा प्रयोग करून बघा. आठ स्टडचे, म्हणजे दोन बाय चारचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे द्या आणि ते किती वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात ते वहीत काढायला सांगा. उत्तर 24 आहे. मुलं बहुधा त्याच्या अलीकडेच थांबतात, मग शोधाशोध सुरू होते. तीन ठोकळ्यांचे 1,560 प्रकार होतात. सहा ठोकळ्यांचे 91 कोटी 51 लाख 3 हजार 765. हा आकडा ऐकल्यावर आमचा थोरला बराच वेळ हातातल्या सहा ठोकळ्यांकडे बघत बसला होता.

6. गोष्ट कशी निवडायची

पाच-सहा वर्षांपर्यंत पुस्तकाची गरज नाही. तुम्ही सांगाल ती गोष्ट पुरते, फक्त तिच्यात एकच गोष्ट बदललेली असावी. आपल्या गल्लीत गुरुत्वाकर्षण एका सकाळी बंद पडलं तर? दूधवाल्याच्या पिशव्या कुठे जातील? आजीचा चहा कपात राहील का? बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा: तोच जिना, तीच शाळेची बस. सगळंच अद्भुत केलं की मुलाला विचार करायला काही धरून ठेवण्यासारखं उरत नाही. एक बदल करून त्याचे परिणाम शेवटपर्यंत तपासायचे, हाच विज्ञानकथेचा कणा आहे, आणि पाच वर्षांच्या मुलाला तो सहज कळतो.

सात ते नऊ वर्षांच्या मुलांना तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी हे जास्तच महत्त्वाचं, आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी त्याहून. ‘गुरुत्वाकर्षण’, ‘कक्षा’, ‘ग्रहमाला’ हे शब्द पुस्तकात जड वाटतात, पण रोज रात्री आईच्या तोंडून ऐकले की घरचे होतात. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठी मुलांसाठी आणल्या, त्या या वयाला छान लागू पडतात. व्हर्नने 1865 मध्ये माणसं तोफेतून चंद्राकडे पाठवली, तीही फ्लोरिडातून. त्यानंतर शंभरेक वर्षांनी अपोलोची यानंही फ्लोरिडातूनच निघाली. पण तोफेच्या त्या धक्क्याने आतली माणसं जिवंत राहिली नसती. लेखकाचं कुठे बरोबर आलं आणि कुठे नाही, हा खेळ मुलांना फार आवडतो.

दहा-अकरापासून जयंत नारळीकरांच्या कथा द्या. त्यांची ‘कृष्णविवर’ ही कथा 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. ती त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती, आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी करून बघा. ही हकिगत आधी सांगितली की मूल ते पुस्तक आपणहून उचलतं.

चित्रपटांबाबत एकच सांगणं: आधी तुम्ही बघा. 2024 पासून आपल्याकडे यूए प्रमाणपत्रात 7+, 13+ आणि 16+ असे गट आले आहेत. ते मार्गदर्शक म्हणून ठीक आहेत, पण तुमचं मूल कशाला घाबरतं ते तुम्हालाच माहीत. आमच्या धाकटीला राक्षसांचं काही वाटत नाही, पण यानातून एकटा माणूस दूर वाहत जाताना दिसला की तिला झोप लागत नाही.

7. प्रश्नावर बांधकाम करा

‘चल, यान बनव’ असं म्हटलंत की मूल दर वेळी तेच यान बनवतं: दोन पंख, पुढे टोक, मागे बंदुका. प्रश्न द्या, म्हणजे बांधकाम बदलतं. हे प्रश्न आमच्याकडे चांगले चाललेत:

- या यानातली माणसं आठ महिने प्रवास करणार आहेत. ती झोपतात कुठे? भांडण झालं तर वेगळं बसायला जागा आहे का?
- हवाच नाही तर पंख कशाला?
- चंद्रावर रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी असते. सौरपट्ट्या बंद, मग वीज कुठून?
- परग्रहावरचं गुरुत्वाकर्षण आपल्या तिप्पट आहे. तिथलं घर उंच असेल की बुटकं? जिना असेल का?
- पाहुण्यांना डोळेच नाहीत, ते फक्त ऐकतात. त्यांच्या यानाला खिडकी का असावी?

उत्तर चुकीचं आलं तरी लगेच दुरुस्त करू नका. त्या घरात एक दिवस राहून दाखव, असं मिनिफिगरच्या हातून विचारा. धाकटीने अंतराळस्थानकात सुंदर जेवणघर केलं होतं, टेबलावर कप आणि ताटल्या मांडलेल्या. मी फक्त विचारलं की इथे वजनच नाही, ताटल्या टेबलावर कशा राहतात? ती गप्प झाली, मग तिने एक ताटली भिंतीला लावली, एक छताला. पुढच्या तासाभरात त्या खोलीला जमीन उरली नाही, सगळ्या बाजू वापरात आल्या. खऱ्या स्थानकातही असंच असतं हे मी तिला नंतर व्हिडिओत दाखवलं, तेव्हा तिला झालेला आनंद निराळाच होता.

इथे पालक हमखास घसरतात ते ‘शिकवण्याच्या’ मोहात. प्रत्येक बांधकामाला धडा जोडलात तर मूल तुम्हाला बोलावणं बंद करेल. कधी नुसती लढाई होऊ द्या, नुसता राक्षस येऊ द्या.

8. माप घ्यायला शिकवा: चांद्रयान टेबलावर

आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी माझी सगळ्यात आवडती पायरी ही. मिनिफिगर साधारण 4 सेंटिमीटर उंच असते. खरा माणूस तिच्या चाळीसपट धरा, 160 सेंटिमीटर. म्हणजे प्रमाण झालं एकास चाळीस. दोन स्टडमधलं अंतर 8 मिलिमीटर आणि ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर, एवढं माहीत असलं की कोणतीही खरी वस्तू ठोकळ्यांत मोजता येते.

चांद्रयान-3 घ्या. 23 ऑगस्ट 2023 ला त्याचा लँडर विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला, तो दिवस मुलांना ऐकून तरी माहीत असतो. विक्रम लांबी-रुंदीला सुमारे 2 मीटर. चाळीसने भागा, 5 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम सहा स्टड. प्रज्ञान रोव्हर, म्हणजे चंद्रावर फिरणारी गाडी, 92 सेंटिमीटरच्या आतबाहेर लांब, म्हणजे तीन स्टड. त्यात सहा चाकं बसवायची! आमच्याकडे ते जमेना, म्हणून थोरल्याने आपणहून प्रमाण बदललं आणि सगळं दुप्पट केलं. गणिताच्या वहीतलं गुणोत्तर त्याने इतक्या आवडीने कधी सोडवलं नव्हतं.

आता त्याच एकास चाळीस प्रमाणात प्रक्षेपक विचारा. एलव्हीएम-3 ची उंची 43.5 मीटर. भागाकार केला की जवळजवळ 109 सेंटिमीटर, म्हणजे एकावर एक 113 ठोकळे. तिसरीतल्या मुलीच्या खांद्याच्या आसपास येईल एवढा. एवढा मोठा अग्निबाण, आणि पोचलेली गाडी तीन स्टडची. ‘मग बाकीचं सगळं कशासाठी?’ हा प्रश्न येतो, आणि इंधनाबद्दल बोलायची याहून चांगली वेळ मिळणार नाही.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचंही असंच करता येतं. नारायणगावजवळच्या या दुर्बिणीत, म्हणजे जीएमआरटीत, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. 14 मध्यभागी, उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन शाखांवर, आणि पसारा 25 किलोमीटरपर्यंत. एवढं मोठं काही बांधायचं तर प्रत्येक अँटेना एकाच गोल तुकड्याची करावी लागते. दोन बेसप्लेटांवर वाय आखा, तीस तुकडे लावा, आणि मग गोष्ट सुरू करा: एका रात्री तिसाव्या अँटेनाला काहीतरी ऐकू आलं, बाकीच्या एकोणतीस अँटेनांना नाही. का बरं?

9. मंगळाचा खेळ

दोन मुलं आणि दोन खोल्या लागतात, खर्च शून्य. एका खोलीत मंगळ: जमिनीवर उशा, पुस्तकं, डबे मांडून डोंगर-दऱ्या करा आणि मध्ये ठोकळ्यांची गाडी ठेवा. दुसऱ्या खोलीत पृथ्वी. पृथ्वीवरच्याला मंगळाचा फक्त एक फोटो मिळतो. त्याने पाच आज्ञा चिठ्ठीवर लिहायच्या: दोन वीत पुढे, उजवीकडे वळ, एक वीत पुढे. चिठ्ठी तुम्ही न्यायची, पण लगेच नाही. मंगळ जवळ असतो तेव्हा संदेशाला सुमारे 3 मिनिटं लागतात, सगळ्यात दूर असतो तेव्हा 22. तीन मिनिटांचा टायमर लावा. मंगळावरचा मुलगा आज्ञा जशीच्या तशी पाळतो, गाडी दरीत गेली तरी स्वतःची अक्कल चालवत नाही.

पहिल्या फेरीत गाडी हटकून पडते. चंद्रावर संदेश सव्वा सेकंदात पोचतो, तरीही इस्रोला जपावं लागलं होतं. 27 ऑगस्ट 2023 ला प्रज्ञानसमोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचं विवर आलं आणि त्याला मागे फिरायची आज्ञा द्यावी लागली. हे सांगितलंत की मुलं आज्ञा जपून लिहू लागतात: ‘पुढे जा, पण समोर खड्डा दिसला तर थांब.’ ही ‘जर-तर’ची आज्ञा त्यांनी आपणहून लिहिली की कोडिंगची पहिली पायरी झाली. वेगळ्या क्लासची घाई नको.

10. गोष्टीची फिल्म करा

सगळं जुळून आलं की शेवटी फिल्म. स्टॉप मोशनसाठी, म्हणजे थोडं थोडं हलवत काढलेले फोटो जोडून फिल्म करण्यासाठी, एक फोन, तो हलू नये म्हणून स्टँड आणि एखादं फुकट अॅप पुरतं. सेकंदाला 12 फोटो धरा, म्हणजे दहा सेकंदांना 120. पहिली फिल्म दहा सेकंदांचीच ठेवा, त्याहून मोठी ठरवलीत तर पूर्ण होत नाही.

बेसप्लेट टेबलाला दुहेरी टेपने चिकटवा. खिडकीचा पडदा लावा, कारण ढग आला-गेला की चित्र लुकलुकतं. फोनमध्ये प्रकाश आणि फोकस लॉक करा. फोटो काढताना पांढरा शर्ट घालून जवळ उभं राहू नका, त्याचा उजेड ठोकळ्यांवर पडतो. मिनिफिगरला एका वेळी थोडंसंच हलवा. एकाने हलवायचं, दुसऱ्याने बटण दाबायचं, आणि दहा फोटोंनंतर अदलाबदल. हा नियम आधी ठरवला नाही तर फिल्मऐवजी भांडण होतं.

आवाज मराठीत द्या. आजोबांना परग्रहवासी करा, ते खूश होतात. यानाचा आवाज मिक्सरचा चालतो.

11. बाहेर कुठे न्यायचं

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला आयुका सगळ्यांसाठी खुली असते, आणि त्याच सुमारास खोडदलाही विज्ञान प्रदर्शन भरतं. मुंबईकरांना वरळीचं नेहरू तारांगण आणि नेहरू विज्ञान केंद्र जवळ. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करायची ते फुकट बघता येतं. ठोकळे कमी पडतात तिथे काडेपेटी, स्ट्रॉ आणि रबर कामाला येतात.

जाताना मुलाने बांधलेली छोटी वस्तू खिशात घेऊन जा. खोडदला खऱ्या अँटेनासमोर धाकटीने आपला गोल तुकडा हातावर धरला आणि तिथल्या एका संशोधकाला विचारलं की तुमची अँटेना जाळीची का, माझ्यासारखी भरीव का नाही. त्यांनी खाली बसून समजावलं की ज्या रेडिओ लहरी ती पकडते त्या लांब असतात, जाळीच्या भोकांतून निसटत नाहीत, आणि जाळीमुळे वारा आरपार जातो, वजनही कमी राहतं. घरी आल्यावर तिने जाळीदार तुकडे शोधायला ‘इतर’चा डबा चादरीवर ओतला.